मधाची चिनी भावकी

आज लिंबूपाण्यात मध ढवळताना चिनी ‘मी’ आठवला. हो, मंदारिनमध्ये मधाला ‘मी’ म्हणतात! आपल्या ‘मध’शी त्याचं नातं चटकन दिसत नाही, कारण शेवटचा ‘त्’ गळालाय. दक्षिण चीनमधल्या कँटोनीजमध्ये तो शाबूत आहे, ‘मत्’. जपानीने उसना घेतला, त्याचं झालं ‘मित्सु’. मूळ मात्र आजच्या वायव्य चीनमधल्या तारिम खोऱ्यातल्या, कुचा शहराकडच्या, आता लुप्त झालेल्या तोखारी भाषेतलं ‘मित’. तोखारी इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत ‘मधु’, रशियन ‘म्योद’, इंग्रजांची मधाची दारू ‘मीड’, सगळी एकच भावकी. ‘हनी’ तेवढा परक्या घरचा.

फसगत होते ती आजच्या उच्चारांवरून जुळवाजुळव केल्याने. चिनी पोरं आईला ‘मामा’ म्हणतात, म्हणून तो शब्द काही युरोपातून आलेला नाही. ती बाळांची बडबड, कुठेही तशीच निघते.