47 वर अडकलेली बॅटरी

दुरुस्तीला आलेल्या थिंकपॅडवर चिठ्ठी चिकटवलेली होती: 'बॅटरी 47 टक्क्यांच्या वर जात नाही. चार्जर दोनदा बदलला, डिस्क पुसून उबुंटू नव्याने टाकलं. तरी तेच.' खाली नवीन बॅटरीची मागणीही लिहून ठेवलेली.

उबुंटू हे लिनक्सच, आणि लिनक्समध्ये बॅटरीची माहिती सिस, क्लास, पॉवर सप्लाय, बॅट0 अशा एकात एक डिरेक्टरीत साध्या टेक्स्ट फायलींमध्ये मिळते. चार्जर लावून त्यातली 'स्टेटस' वाचली: 'नॉट चार्जिंग'. लोक इथेच फसतात. चार्जर मेला असता तर 'डिस्चार्जिंग' दिसलं असतं. इथे मशीन चार्जरवर व्यवस्थित चालत होतं, फक्त बॅटरीत करंट सोडायचा नाही असं कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

कुणी, ते शेजारच्या दोन फायलींत सापडलं. 'चार्ज कंट्रोल स्टार्ट थ्रेशोल्ड' 40, 'एंड थ्रेशोल्ड' 50. म्हणजे 40 च्या खाली उतरल्याशिवाय चार्जिंग सुरू होणार नाही आणि सुरू झालं की 50 ला थांबणार. 47 दोन्हींच्या मध्ये. आधीच्या वापरणाऱ्याने लॅपटॉप कायम चार्जरवर ठेवायचा म्हणून हे आकडे घातले असणार. त्या वापरासाठी ते अजिबात चुकीचे नाहीत: लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेल्या व्होल्टेजवर आणि उष्णतेत लवकर म्हातारी होते.

मग फॉरमॅट करूनही आकडे राहिले कसे? थिंकपॅडमध्ये ते डिस्कवर नसतातच. मदरबोर्डवरच्या एम्बेडेड कंट्रोलर या छोट्या चिपमध्ये बसतात. ऑपरेटिंग सिस्टिम फक्त निरोप पोचवते, त्यामुळे टीएलपी (लिनक्सवर असे आकडे घालणारा, वीज वाचवणारा प्रोग्रॅम) काढून टाकलं तरी शेवटचा निरोप तसाच राहतो.

दुरुस्ती दोन ओळींची, पण त्यातही दोन खड्डे. सुडो आज्ञेला प्रशासकाचे अधिकार देतो, एको दिलेला आकडा छापतो. 'सुडो एको 80' लिहून बाणाने फायलीत वळवलं की 'परमिशन डिनाइड' येतं, कारण सुडो एकोला लागू होतो आणि फाइल उघडते ती आपली साधी शेल, म्हणजे आज्ञा घेणारा प्रोग्रॅम, तिला ते अधिकार नसतात. एकोचं आउटपुट पाइपने 'सुडो टी'कडे द्यायचं, टी ते फायलीत लिहितो. दुसरं म्हणजे क्रम. स्टार्टला आधी 75 लिहिलं तर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट', कारण तेव्हा एंड 50 च असतो आणि स्टार्ट त्याच्या वर चालत नाही. आधी एंड 80, मग स्टार्ट 75. मर्यादा खाली आणायची असेल तर उलट.

दुसरा आकडा लिहिला आणि स्टेटस 'चार्जिंग' झालं. नवीन बॅटरीची मागणी खोडली.

एक काम उरलं होतं. 'एनर्जी फुल' (आता मावणारी ऊर्जा) आणि 'एनर्जी फुल डिझाइन' (नवी असताना मावणारी) यांचं गुणोत्तर 73 टक्के येत होतं, पण लगेच विश्वास ठेवण्यासारखं नव्हतं. बॅटरी बराच काळ 40 ते 50 मध्येच फिरली की आतल्या चार्ज मोजणाऱ्या गेजला रिकामं आणि भरलेलं ही दोन्ही टोकं दिसत नाहीत, अंदाज घसरतो. 'टीएलपी रीकॅलिब्रेट' चालवलं. ते चार्जर लावलेला असतानाच बॅटरी रिकामी करतं आणि मग पूर्ण भरतं. काही तास जातात, मध्ये झाकण लावून स्लीपला पाठवायचं नाही. नंतर गुणोत्तर 81 आलं.

शेवटी 75 आणि 80 टीएलपीच्या कॉन्फिग फायलीत घातले. ओळींच्या सुरुवातीचा हॅश (#) काढायला विसरलं की त्या नुसत्या शोभेच्या राहतात. 'टीएलपी स्टार्ट' दिलं, 'टीएलपी-स्टॅट' बी पर्यायासह चालवून आकडे पाहिले. नोम 48 या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये बॅटरी जपण्याचं बटण सेटिंग्जमध्येच आहे. तेही चालू आणि टीएलपीही चालू असा कारभार करू नये, शेवटी जो लिहील त्याचंच चालतं.

सगळ्या लॅपटॉपना हे आकडे लागू नाहीत. आयडियापॅडमध्ये 'कॉन्झर्व्हेशन मोड' नावाची एकच फाइल असते, तिला फक्त 0 किंवा 1 कळतं. थांबायचा टक्का फर्मवेअर ठरवतं. काही मशीन रीस्टार्टनंतर मर्यादा विसरतात, तिथे बूटच्या वेळी आकडा लिहिणारी छोटी सिस्टिमडी सर्व्हिस लागते.

चिठ्ठीच्या मागे 75/80 लिहिलं आणि ती लॅपटॉपच्या तळाला चिकटवून दिली.