जिताड्याची ती उडी!!

आज सकाळी काकांबरोबर नवी मुंबईतल्या दिवाळ्याच्या खाडीवर गळ टाकायला गेलेलो, भरती नुकतीच चढायला लागलेली, गळाला जिवंत कोळंबी. यूट्यूबवर अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ बघून लोक वेडे होतात, अरे पण आपल्या जिताड्याला पण इंग्रजीत सीबासच म्हणतात, एशियन सीबास, आणि त्याची मजा काही औरच!

सगळे म्हणतात मासा लागतो तेव्हा खरं थ्रिल. मला नाही पटत. जिताडा टोचत बसत नाही, मोठ्ठा आ करून पाण्यासकट कोळंबी आत ओढतो, फटकन आवाज येतो, रॉडवरची दोरीची रील किर्रर्र करत सुटते, इथपर्यंत हात आपोआप काम करत असतात. जीव खरा वर येतो तो त्यानंतर, जेव्हा पाण्यात घुसलेली लाईन, म्हणजे गळाची दोरी, हळूहळू वर यायला लागते आणि कळतं की आता हा उडणार. काका ओरडले "अरे रॉड खाली घे, लाईन ढिली सोडू नको!" आणि तेवढ्यात अख्खा मासा पाण्याबाहेर, रुपेरी अंग, तोंड उघडं, डोकं गदागदा हलवतोय. एका झटक्यात गळ निसटू शकतो, नाहीतर कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार असते की लाईनच कापून जाते. श्वास घ्यायचं पण सुचत नाही यार!

आजचा टिकला. चांगला चार किलोच्या वरचा असेल, आईने लगेच कालवणाला घेतला.

काका म्हणतायत अमावस्येच्या उधाणाला परत जाऊ. कोण कोण येतंय, सांगा!