तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे थेट मुलींनाच का देत नाही?

दिवाळीत पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, देणगीची पावती घेताना दुकानदार विचारतात, परवा बँकेच्या रांगेत माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने विचारलं. "मॅडम, निधीतले पैसे संस्थांना कशाला देता? गरजू मुलींच्या खात्यावर थेट टाका की." मधे कुणीतरी खातं, हा संशयही त्यात असतो आणि तो मला ऐकू येतो. आमचे हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातात. ज्याला बघायचे त्याने खुशाल बघावेत.

आमचा निधी बीड जिल्ह्यापुरता. मुद्दल ठेवीत राहते. व्याज आणि वर्षभरात येणाऱ्या देणग्यांतून काही शिष्यवृत्त्या जातात, काही मदत इथल्याच लहान संस्थांना जाते. मी विश्वस्त झाले तेव्हा संस्थांना दमडीही देऊ नये, असं म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. "संस्था येतात नि जातात, शिकलेली मुलगी राहते," हे वाक्य माझंच आहे. ते खोटं आहे असं मला आजही वाटत नाही.

त्याच सुमाराला बालाघाटच्या डोंगरातल्या एका तांड्यावरची मुलगी आमच्याकडे आली. आईबाप ऊसतोडीला जाणारे. बारावी सायन्सला चांगले मार्क. बी.एस्सी.ची पहिल्या वर्षाची फी, पुस्तकं, सगळं आम्ही भरलं. ती तालुक्याच्या गावी एका छोट्या संस्थेच्या वसतिगृहात राहायची. त्याच वर्षी त्या वसतिगृहाचाही अर्ज आला होता: स्वयंपाकीणबाई आणि अधीक्षिका यांच्या पगारासाठी. "पगाराला पैसे देत नाही," असं पत्र आम्ही पाठवलं. मसुदा मीच केला होता.

दसऱ्यानंतर पगार थकल्यामुळे स्वयंपाकीणबाई गेल्या, मेस बंद पडली. मुलींनी डबे लावावेत, असं ठरलं. डब्याचे पैसे कुणाकडे होते? मुलगी घरी गेल्याचं कळलं तशी मी तांड्यावर गेले. ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ताडपत्री, जळण, डालग्यात कोंबड्या. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेऊन खर्चून झालेली, रात्री निघायचं होतं कर्नाटकात. मुलगी भांडी पोत्यात भरत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भांडी भरायला लागली.

वडील म्हणाले, "मॅडम, फी तुम्ही भरली, उपकार झाले. पण सहा महिने आम्ही नाही गावात. पोरगी जेवंल कुठं? निजंल कुठं?" मी काहीतरी बोलत राहिले, परीक्षा, वर्ष वाया, असलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी ठिवता का?" माझ्या पर्समध्ये कॉलेजची पावती होती, पूर्ण भरलेली. मी गप्प राहिले. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या, हे कारण मला परतीच्या एस.टी.त सुचलं.

गुढीपाडव्यानंतर तिचं लग्न झालं. पुढच्या हंगामात ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेली. आमच्या अहवालात मात्र त्या वर्षीच्या लाभार्थींत तिचं नाव आहे, पावतीसह. नियमाने बघाल तर आमचं काहीही चुकलेलं नव्हतं, आणि त्यावरून मला आजही कुणी धारेवर धरलं तर मी वाद घालेन. पण ती फी कशाला कामी आली, ते सांगा.

बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास फुकट आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. चांगलंच झालं. पण स्वयंपाकीणबाईंचा पगार कुठल्या जी.आर.मध्ये बसतो? रात्री ताप चढलेल्या मुलीला दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षाचे पैसे कोण मंजूर करतं? कंपन्यांच्या सीएसआरला, म्हणजे सामाजिक कामासाठी काढलेल्या पैशाला, दाखवण्यासारखी इमारत लागते, आणि २०२१ पासून तो पैसा संस्थेच्या मुद्दलात ठेवताच येत नाही. अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेला माझा भाचा द्यायला तयार आहे, पण परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालं. वर आयकर कायद्यातल्या २०२३ च्या बदलानंतर, एका न्यासाने (ट्रस्टने) दुसऱ्याला दिलेल्या रकमेपैकी करासाठी ८५ टक्केच खर्च धरतात. म्हणजे लहान संस्थेच्या रोजच्या खर्चाला जिल्ह्यातल्या माणसांनी जिल्ह्यासाठी दिलेला पैसाच उरतो. तो आमच्याकडे आहे.

कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र गेलं ते त्या पोरांच्या जेवणासाठी. हे भाषणात सगळेच सांगतात. त्याच सभेनंतर मी कुणाकडे मेसच्या गॅससाठी पैसे मागितले की विचारतात, त्यापेक्षा एखादी मुलगी दत्तक घेऊ का?

आमचे खजिनदार मात्र माझ्याशी सहमत नाहीत, आणि त्यांच्याकडेही कारण आहे. एका संस्थेने पगारासाठी दिलेल्या रकमेतून कंपाउंडची भिंत बांधली. अर्धी रक्कम परत मिळाली, अर्धी नाही. मुलीच्या खात्यावर टाकलेला पैसा असा भिंतीत जात नाही, असं ते दर बैठकीत म्हणतात. मी दर बैठकीत त्या तांड्याची गोष्ट काढते. आता तेही कंटाळलेत, मीही.

यंदा दोन अर्ज समोर आहेत. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंचा वर्षाचा पगार, आणि खासगी कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळालेल्या एका मुलीची फी. व्याजात दोन्ही बसत नाही. मी पगाराच्या बाजूने हात वर करणार आहे. त्या मुलीचा फोन रोज येतो आणि तिला काय सांगायचं ते मला कळत नाही. तेव्हा तुम्हाला थेटच द्यायचं असेल तर तिची फी तुम्ही भरा. कॉलेजची पावती मी स्वतः आणून देईन.