पोरिंगच्या रानातले काडीकिडे आणि ‘हमखास’ पर्णकीटकाचा बाजार

बोर्निओ बेटावरील साबा राज्यात, किनाबालू पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या पोरिंग येथे रात्रीच्या फेरीत ‘पर्णकीटक हमखास दाखवू’ असे सांगून कोणी माणशी १५० रिंगिट, म्हणजे सुमारे ३,००० रुपये मागितले, तर ते देऊ नयेत. आमच्याकडून ते घेतले गेले आणि बदल्यात जे दाखवले गेले ते रानातले नव्हते. या कीटकांच्या ओढीने एवढ्या लांब जाणाऱ्या माणसाला हे आधी कळायला हवे, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

दाखवलेली मादी देखणी होती, यात शंका नाही. बोटभर लांबीचा हिरवागार देह, पुढच्या पंखांवर पानाच्या मधल्या शिरेसारखी रेघ आणि तिच्यातून फुटलेल्या उपशिरा, पायांना दोन्ही बाजूंनी चपटे पडदे आणि पोटाची कड वाळत चाललेल्या पानासारखी तपकिरी, इतके सगळे टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसत होते. परंतु ती ज्या फांदीला लटकली होती ती पेरूची होती. पेरू मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. बोर्निओत तो घरांच्या परसात आढळतो, पण उंच वृक्षांखालच्या दाट, ओल्या अंधारात एकटीच पेरूची फांदी उभी असणे शक्य नाही, आणि कोकणात वाढलेल्या माणसाला पेरूचे पान ओळखायला पुस्तक लागत नाही. वाकून पाहिले, तेव्हा पाचोळ्यात गळ्यापर्यंत पुरलेली प्लॅस्टिकची बाटली दिसली आणि तिच्या तोंडाशी कापूस कोंबलेला होता. घरी कीटक पाळणारे लोक फांदी टवटवीत राहावी म्हणून ती अशीच पाण्याच्या बाटलीत ठेवतात आणि कीटक आत पडून बुडू नये म्हणून तोंड कापसाने बंद करतात. वाटाड्याला विचारले असता त्याने टॉर्च दुसरीकडे वळवला. आमच्या मागे पुढचा गट अंधारात पाळीची वाट पाहत थांबलेला होता.

‘हमखास’ हा शब्दच या कीटकांच्या बाबतीत खोटा आहे. पर्णकीटकाच्या मादीला उडता येत नाही आणि ती बहुधा उंच झाडांच्या शेंड्याकडच्या पानांत राहते. तेथूनच ती बियांसारखी दिसणारी अंडी खाली टाकते. जमिनीवरून चालणाऱ्याला ती दिसणे हा निव्वळ योग असतो, वादळाने फांदी मोडून पडली तरच जुळून येणारा. नराची गोष्ट वेगळी आहे. तो सडपातळ असतो, त्याच्या मिशा लांब असतात, मागचे पंख पारदर्शक असतात आणि तो उडत दिव्याकडे येतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा आहे की, मुक्कामाची जागा निवडताना रानाला लागून असलेली आणि बाहेरच्या भिंतीवर पांढरा दिवा असलेली खोली मागावी, आणि झोपण्यापूर्वी व पहाटे उजाडण्याआधी ती भिंत नीट तपासावी. आम्हाला खरा पर्णकीटक, म्हणजे नर, अशाच भिंतीवर, पतंगांच्या गर्दीत, एक पैसाही न देता पाहायला मिळाला. आकाराने तो त्या मादीच्या जेमतेम निम्मा होता, पण त्याला पाहताना झालेल्या आनंदाने आधीच्या रात्रीचा सगळा कडवटपणा धुऊन निघाला. जर्मनीतील मेसेल येथे सापडलेला पर्णकीटकाचा जीवाश्म सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि आजच्या पर्णकीटकांशी त्याचे कमालीचे साम्य आहे. इतके जुने सोंग आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवर बसलेले असते.

काडीकिडे मात्र शोधले तर सापडतात. जगात फॅस्मिड गणाच्या, म्हणजे काडीकिडे व पर्णकीटक मिळून, तीन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येचे घर बोर्निओ आहे. ते दिवसा हलत नाहीत, त्यामुळे दिवसा शोधण्यात वेळ घालवू नये. साबामध्ये वर्षभर सूर्य सहा ते साडेसहाच्या सुमारास मावळतो. सातनंतर, पाऊस थांबला असेल तर, बाहेर पडावे. कोळ्यांचे डोळे टॉर्चच्या झोतात चमकतात, काडीकिड्यांचे चमकत नाहीत. म्हणून झोत भराभर फिरवत चालणाऱ्या वाटाड्याला खारी, बेडूक, साप सगळे दिसते, फक्त काडीकिडा दिसत नाही. छातीच्या उंचीवरची, कडेने नुकतीच कुरतडलेली पाने शोधावीत आणि पानांच्या खालच्या बाजूने उजेड टाकावा. जी काडी आपल्या फांदीच्या दिशेशी जुळत नाही, तिच्याकडे दोनदा पाहावे. तासाभरात शंभर पावले चालून झाली, तर वेग योग्य आहे असे समजावे. पावसाळ्यात आंबोलीच्या जंगलात रात्री फिरलेल्यांना ही सवय असतेच.

सापडलेला कीटक ओढून काढू नये. संकटात तो पाय तोडून सुटतो. पिल्लाला पुढच्या कातीबरोबर नवा पाय फुटू लागतो, पण पूर्ण वाढलेला कीटक पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे त्याचे नुकसान कायमचे होते. काही जाती मानेमागच्या ग्रंथींतून झोंबणारा द्रव सोडतात, म्हणून चेहरा फार जवळ नेऊ नये. आम्हाला ओढ्याजवळच्या एका कुजक्या ओंडक्यावर हानिएला या प्रकारच्या काडीकिड्याची मादी दिसली. तिला काडी म्हणणे कठीण आहे, कारण ती जाड, काटेरी आणि सालीच्या रंगाची असते. उजेड पडताच तिने पोट वर उचलले, मागचे काटेरी पाय हवेत फाकवले आणि बोट पुढे येताच मांड्या कात्रीसारख्या मिटल्या. ते काटे रक्त काढतात. ही मादी अंडी जमिनीत पुरते, त्यामुळे ती खाली उतरलेली दिसण्याची शक्यता पर्णकीटकापेक्षा पुष्कळ जास्त असते, आणि पोरिंगला जाण्याचे खरे कारण तीच असावी असे माझे मत आहे.

आता लांगानान धबधब्याच्या वाटेविषयी. पोरिंगच्या गरम पाण्याच्या कुंडांपासून किपुंगित धबधबा दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि तेथपर्यंत कोणीही जाऊ शकतो. तेथून पुढे १२० मीटर उंचीच्या लांगानानपर्यंत ‘दीड तास’ असे सर्वत्र सांगितले जाते. हा दीड तास कोरड्या दिवसाचा, रिकाम्या हातांचा आणि एकदाही न थांबणाऱ्या माणसाचा आहे. वटवाघळांच्या गुहेच्या पुढे चढ सुरू होतो आणि तेथून लाल चिकणमाती, तिच्यावर आडवी पसरलेली गुळगुळीत मुळे आणि दोन्ही बाजूंनी अंगावर येणारी ओली पाने असा तो सगळा भाग आहे. चढताना मुळांचा आधार होतो. उतरताना त्याच मुळांवरून पाय सटकतो, आणि धरायला हात टाकावा तर तेथे वेताचे काटे. जळवा दोन प्रकारच्या आहेत. तपकिरी जळू जमिनीवरून चढते आणि चावलेली कळतही नाही. पट्टेवाली जळू पानाच्या टोकावर कमरेच्या उंचीला थांबलेली असते आणि तिचा चावा सणसणीत झोंबतो. गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे जमिनीवरच्या जळूला अडवतात, पट्टेवालीला नाही. म्हणून सदरा पँटमध्ये खोचलेला आणि गळ्याला रुमाल घट्ट बांधलेला असावा. मीठ आम्ही नेले होते, पण त्या दमट हवेत पुडीतच त्याचा चिखल झाला. दुपारच्या पावसात त्या उतारावर सापडू नये, यासाठी सकाळी आठच्या आत निघावे आणि वाट खुली आहे का ते आधी कार्यालयात विचारावे. केवळ काडीकिड्यांसाठी जाणाऱ्याने लांगानान वगळावा, हे माझे स्पष्ट मत आहे. दिवसा त्या वाटेवर एकही काडीकिडा दिसला नाही आणि थकवा इतका आला की संध्याकाळची फेरी वाया गेली.

किनाबालू उद्यानाच्या मुख्यालयातले दिवस, सुमारे १,५०० मीटर उंचीवरच्या थंड हवेत, सुखाचे गेले. तेथे जाती वेगळ्या दिसतात, वाटा चांगल्या आहेत, स्वेटर लागतो.

कोणी ‘चॅन’चा महाकाय काडीकिडा दाखवण्याचे आमिष दाखवले, तर तेथूनच परतावे. ‘फोबेटिकस चानी’ या नावाने २००८ मध्ये नोंदल्या गेलेल्या या साबातल्या जातीची लांबी पाय ताणून ५६.७ सेंटीमीटर आणि नुसत्या देहाची ३५.७ सेंटीमीटर मोजली गेली आहे, पण तिचे ज्ञात नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. पुढे चीनमध्ये तिच्याहूनही लांब जात मिळाली. ‘चानी’ची अंडी बाजूंना पंखासारखे पडदे असलेली असतात, ही माहिती कोणत्याही रात्रफेरीपेक्षा मोलाची आहे आणि ती फुकट मिळते.

कोटा किनाबालूहून मुख्यालय सुमारे ९० किलोमीटर आहे. पुढे रानाऊमार्गे पोरिंगला जाता येते. कोटा किनाबालूहून निघालेली व्हॅन पुष्कळदा रानाऊलाच थांबते, आणि पुढच्या टप्प्याचे भाडे आधी न ठरवल्यास ते मनाला येईल तेवढे सांगितले जाते, म्हणून गाडीत बसण्यापूर्वी थेट पोरिंगपर्यंतचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. क्वालालंपूरहून आलात तरी साबामध्ये पासपोर्टची पुन्हा तपासणी होते, त्यामुळे पासपोर्ट सामानात टाकू नये. शहरातल्या दुकानांत काचेच्या चौकटीत वाळवलेले पर्णकीटक विकायला असतात. ते कोठून आले हे विक्रेता सांगत नाही, म्हणून ते घेऊ नयेत. कोणी अंड्यांची डबी खिशात सरकवू पाहिली, तर ती तेथेच परत करावी. परवान्याविना जिवंत कीटक किंवा त्यांची अंडी भारतात आणणे बेकायदेशीर आहे, आणि उद्यानातून पानासकट काहीही उचलण्यास तेथेही बंदी आहे.