इन्सुलिनोमा शोधायचा तर प्रोब स्वादुपिंडाजवळ न्यावा लागतो

पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे इन्सुलिनोमा नाही, असं समजू नका. इन्सुलिन स्रवून रक्तातली साखर खाली आणणाऱ्या या गाठी बहुतेक वेळा एकच आणि 2 सेंमीपेक्षा लहान असतात. त्या स्वादुपिंडाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत कुठेही असू शकतात. पोटावरून तपासताना प्रोब (आवाजाच्या लहरी सोडणारं आणि परत टिपणारं यंत्राचं टोक) 3 ते 5 मेगाहर्ट्झचा लागतो, आणि गाठीपर्यंत पोचायला चरबी, जठर आणि आतड्यातला गॅस ओलांडावा लागतो. गॅसपुढे तर आवाजाच्या लहरी हात टेकतात. जास्त फ्रिक्वेन्सीने चित्र बारीक येतं, पण ती खोलवर पोचत नाही. म्हणून प्रोबच जवळ न्यायचा.

त्याआधी रक्ताने खात्री करून घ्यावी. 72 तासांपर्यंतच्या उपवास चाचणीत ग्लुकोज 55 मिग्रॅ/डेलिच्या खाली गेलेलं असताना इन्सुलिन 3 मायक्रोयुनिट/मिलि आणि सी-पेप्टाइड (शरीर इन्सुलिन बनवताना सोबत सुटणारा तुकडा) 0.6 नॅनोग्रॅम/मिलि किंवा त्याहून जास्त मिळालं, की गाठ शोधायला अर्थ आहे. त्याच नमुन्यात सल्फोनिलयुरियाही (इन्सुलिन वाढवणारं मधुमेहाचं औषध) तपासायला हवं. घरात मधुमेही माणूस असेल तर त्याच गटातली ग्लिमेपिराइडची गोळी चुकून दुसऱ्याच्या पोटात जाऊ शकते, आणि रिपोर्ट हुबेहूब असाच येतो. ही पायरी गाळून थेट स्कॅन मागवणं मला कधीच पटलेलं नाही.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये 5 ते 12 मेगाहर्ट्झचा प्रोब दुर्बिणीच्या टोकाशी असतो आणि तो जठराच्या भिंतीला टेकतो. तपासणीसाठी उपाशी राहणं हाच या रुग्णांना धोका असतो. डेक्स्ट्रोजचं सलाइन चालू ठेवून ग्लुकोमीटरवर वारंवार साखर बघावी. भूल दिल्यावर साखर उतरल्याची घाम आणि गोंधळ ही लक्षणं नीट कळत नाहीत. जठरातून स्प्लेनिक व्हेन (प्लीहेची शीर) धरून स्वादुपिंडाच्या मधल्या भागाकडून शेपटीकडे, प्लीहेपर्यंत जायचं. डोकं ड्युओडेनमच्या (जठरानंतरच्या लहान आतड्याच्या) सुरुवातीच्या भागातून दिसतं. अनसिनेट प्रोसेससाठी (डोक्याचा खालचा, आकड्यासारखा भाग) ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागात उतरून दुर्बीण अगदी सावकाश मागे घ्यायची. घाई झाली की नेमकी हीच जागा निसटते. शेपटीचं टोकही तसंच.

गाठ सहसा गोल, काठ स्पष्ट, आतून एकसारखी आणि आजूबाजूच्या स्वादुपिंडापेक्षा काळसर दिसते. काही गाठींची छटा मात्र स्वादुपिंडासारखीच असते, त्या समोर असून दिसत नाहीत. अशा वेळी मायक्रोबबल कॉन्ट्रास्टची (शिरेतून दिलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांची) मदत होते: इन्सुलिनोमाला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून धमनीच्या टप्प्यातच तो उजळतो. शेपटीतली उपप्लीहाही (प्लीहेचा सुटा छोटा तुकडा) तशीच उजळते, त्यामुळे तिथे सुई घालून नमुना घेतलेला बरा. आडवी कापलेली रक्तवाहिनीही गोल गाठीसारखी दिसते. प्रोब फिरवला की ती लांबट होते, शिवाय रक्तप्रवाह दाखवणारं डॉपलर आहेच. 1992 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, पोटावरची सोनोग्राफी आणि सीटी दोन्हींत न दिसलेल्या स्वादुपिंडाच्या 39 अंतःस्रावी गाठींपैकी 32 एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने सापडल्या होत्या.

शस्त्रक्रियेत प्रोब थेट स्वादुपिंडावर ठेवता येतो. आधी ड्युओडेनम आणि डोकं मागून मोकळं करायचं, लेसर सॅक (जठरामागची पोकळी) उघडायची, मग त्यात कोमट सलाइन ओतायचं. पाण्याचा थर नसेल तर प्रोबलगतचे काही मिलिमीटर धूसर राहतात, आणि पृष्ठभागाजवळची गाठ तिथेच लपते. प्रोब दाबू नये. मऊ गाठ चपटी होते. बोटांनी चाचपणं चालूच ठेवावं, दोन्ही मिळून हाती लागण्याची शक्यता वाढते.

सर्जनला खरं हवं असतं ते गाठीपासून मुख्य नलिकेपर्यंतचं अंतर. ते 2-3 मिमीपेक्षा कमी असेल तर नुसती गाठ सोलून काढताना नलिका फाटण्याची आणि फिस्टुला होण्याची (तिथून स्वादुरस गळत राहण्याची) भीती असते. तिथे तो भागच काढण्याचा विचार करावा लागतो. गाठ सापडलीच नाही तर अंदाजाने शेपटी कापू नये. पोट बंद करावं आणि नंतर कॅल्शियम स्टिम्युलेशन (स्वादुपिंडाच्या धमन्यांत कॅल्शियम देऊन कुठल्या भागातून इन्सुलिन वाढतं ते पाहणं) किंवा गॅलियम एक्सेंडिन पेट स्कॅन (गाठीला चिकटणाऱ्या किरणोत्सारी पदार्थाने केलेलं स्कॅन) करून जागा निश्चित करावी.