वर की खाली

बाळाला खांद्यावर घेऊन ती आत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलेला व्यायाम मी एक दिवसही चुकवला नाही."

मला बरं वाटलं. असं सांगणाऱ्या फार कमी. सातव्या महिन्यापासून ती माझ्या गरोदर बायकांच्या वर्गाला यायची, पुढच्याच खुर्चीवर बसायची, वहीत लिहून घ्यायची. आता बाळ चार महिन्यांचं झालं होतं.

खोकताना, शिंकताना, बाळाला उचलताना तिला थोडी लघवी व्हायची. बाळंतपणानंतर सुरुवातीला हे बऱ्याच जणींना होतं आणि हळूहळू कमी होतं. हिचं वाढत होतं. मग आवाज खाली आणून ती मुद्द्यावर आली. संध्याकाळपर्यंत खाली जड जड वाटतं, अंग बाहेर येतंय की काय अशी भीती वाटते. "म्हणून मी व्यायाम वाढवला. दिवसाला दोनशे वेळा करते."

मी सांगितलं होतं ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायला, तेही आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. स्नायू थकले असणार, एवढंच मनात आलं. पद्धत चुकली असेल ही शंका आलीच नाही, कारण पद्धत मी शिकवलेली होती!

तिची परवानगी घेतली, बाळ माझ्या सहकारी बाईंनी घेतलं, पडदा ओढला. गुडघे दुमडून झोपायला सांगितलं आणि म्हटलं, "रोज करता तसं करून दाखवा."

तिने श्वास कोंडला. पोट ताठ झालं, चेहरा लाल झाला आणि जो भाग आत, वर ओढला जायला हवा तो बाहेरच्या बाजूला फुगला. ती कुंथत होती. दिवसातून दोनशे वेळा.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय या झोळीवर टेकलेले. झोळी आवळली की वर उचलली जाते आणि मूत्रमार्ग दाबून बंद होतो. कुंथलं की पोटातला सगळा जोर उलट तिच्यावरच येतो. आधीच बाळंतपणात ताणलेली झोळी ही पोर रोज नेमाने आणखी ताणत होती.

सगळा दोष व्यायामाचा, असं मी म्हणणार नाही. कळा लांबल्या होत्या, टाके होते, बाळ चांगलं वजनदार होतं. पण जे सावरायला हवं होतं ते आम्ही दोघींनी मिळून सावरू दिलं नाही.

वर्गात मी काय सांगितलं होतं ते आठवलं. "लघवी अडवल्यासारखं करा." बारा जणी, कपडे घातलेल्या, खुर्चीवर बसलेल्या. "जमलं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मी पुढच्या व्यायामाकडे वळले होते.

लाज वाटण्याचं कारण वेगळंच होतं. 1991 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, थोडक्यात तोंडी सांगितल्यावर 47 पैकी जेमतेम निम्म्या बायकांना हे नीट जमलं होतं आणि सुमारे चौथा हिस्सा असं काही करत होता की त्रास उलट वाढावा. हे आकडे तोंडी परीक्षेत घडाघडा सांगून मी शाबासकी मिळवली होती. ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो त्या डॉ. अर्नॉल्ड केगेल यांनी 1948 साली तो मांडला तोही दाब मोजणाऱ्या उपकरणासह. बाईने आवळलं की काटा हलायचा आणि तो तिला स्वतःला दिसायचा. आम्ही व्यायाम तेवढा उचलला, काटा मागेच राहिला.

माझ्याकडे हातआरसा होता. तो तिला धरायला दिला. "आता पुन्हा करा आणि स्वतःच बघा." तिने पाहिलं, थबकली. "हे तर बाहेर येतंय!"

पुढची वीस मिनिटं आम्ही जुनं विसरण्यात घालवली. कुशीवर झोपवलं, म्हणजे वजनाचा भार नको. श्वास सोडता सोडता, वायू अडवावा तसं मागून सुरू करून पुढे आणायचं. पोट, मांड्या, नितंब सैल. तीन-चारदा फसलं. मग आरशात तो भाग अगदी जरासा आत गेला. दोन सेकंद टिकला असेल.

"एवढंच?" ती म्हणाली. "मला तर काही केल्यासारखंच वाटलं नाही."

सध्या एवढंच. दोन सेकंद आवळायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. सोडणंही तितकंच शिकावं लागतं. आठ वेळा, दिवसातून तीनदा, झोपूनच. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. जडपणासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला चिठ्ठी दिली. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. आणि वर्गातली चूक माझी होती हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण मॅडम, मीही विचारलं नाहीच ना." मला ते पटलं नाही. जिला चुकतंय हेच कळत नाही ती विचारणार काय?

दुपारी त्या वर्गाची हजेरीवही काढली. हिचं नाव सोडून अकरा नावं. आठ जणींनी फोन उचलला. एक जण म्हणाली, "माझं छान चाललंय हो, मी रोज करते. यायलाच हवं का?"

"रोज करता ना," मी म्हटलं, "म्हणूनच या."