वजनकाट्याच्या पलीकडे: नानांसोबत नाशिकमध्ये अर्ध्या दिवसाची वाइन टूर

आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चार हंगाम वाइनची द्राक्षं पिकवली, पण वाइन कधी चाखली नव्हती. वायनरी आतून कशी असते तेही त्यांनी पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टर गेटपाशी थांबायचा, वजनकाट्यावर क्रेट मोजले जायचे, एक माणूस चार मणी चिरडून साखर तपासायचा आणि पावती हातात पडली की नाना माघारी फिरायचे. गेल्या फेब्रुवारीत मी त्यांना घेऊन नाशिकला अर्ध्या दिवसाची खासगी वाइन टूर केली, ती त्यांना एकदा तरी आत नेण्यासाठी.

गाडी, चालक, मराठी बोलणारा गाईड आणि आम्ही दोघंच, असं बुकिंग मी मुद्दाम केलं. वायनरीच्या नेहमीच्या टूरमध्ये पंधरावीस जण एकत्र असतात, अर्ध्यापाऊण तासात सगळं उरकतं आणि बोलणं बरंचसं इंग्रजीत चालतं. नानांना प्रश्न विचारायला वेळ हवा होता. शिवाय गाडी आपण चालवायची नसली की चाखतानाही जिवाला घोर नसतो. आई माळकरी, ती येणार नव्हतीच. पण पहाटे उठून तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

आम्ही निफाडहून अंधारातच निघालो. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे, नानांनी कानटोपी आणि वर मफलर गुंडाळला होता. नाशिकला गंगापूर रोडवर मावशीच्या दारात आमची गाडी लावली आणि साडेसातला गाईडच्या गाडीत बसलो. पोरगा दिंडोरी तालुक्यातला, घरची द्राक्षबाग असलेला. नानांनी पहिल्या पाच मिनिटांत त्याला किती एकर, कोणती जात, यंदा डाऊनी रोगाचा त्रास झाला का, एवढं सगळं विचारून घेतलं. तिथून पुढे तो त्यांना नानाच म्हणायला लागला.

पहिला थांबा वायनरीचा नव्हता. गिरणाऱ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याचा वाइन द्राक्षांचा प्लॉट होता आणि तिथे शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाची तोडणी सुरू होती. ऊन वर यायच्या आत तोडणी उरकतात, कारण द्राक्ष थंड असतानाच आत पोचलं पाहिजे. उन्हात तापलेला माल क्रेटमध्येच आंबायला लागतो. बायका ओळीने कात्र्या चालवत होत्या आणि घड क्रेटमध्ये पडत होते.

ज्यांनी फक्त खायची द्राक्षं पाहिली आहेत, त्यांना वाइनचा घड बघून वाईट वाटेल. मणी हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, साल जाड, आत बिया. आमच्या थॉमसनच्या, म्हणजे बिनबियांच्या खायच्या द्राक्षाच्या, घडाला आम्ही किती जपतो! थिनिंग करतो म्हणजे घडातले मणी विरळ करतो, जीए या मणी वाढवणाऱ्या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवून काढतो, मणी फुगला पाहिजे, लांब झाला पाहिजे म्हणून जिवाचं रान करतो. इथे सगळं उलट. मणी फुगवायचाच नाही. वाइनचा रंग, वास आणि तुरटपणा सालीतून येतो, मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. उत्पन्नही मुद्दाम आवरतात. खायच्या द्राक्षाचा एकरी दहा टन माल निघाला तर आम्ही खूश, वाइनचा शेतकरी चारपाच टनांवर हात आखडतो.

नाना ओळीत शिरले आणि एका खोडाशी खाली बसले. ओलांड्यावरून, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरून, हात फिरवला, काडी मोजली आणि खुंट विचारला, म्हणजे वेल ज्या मुळावर कलम केलेला असतो ते.

"खुंट कोणता? डॉगरीज का?"

"नाही नाना, एकशेदहा आर. डॉगरीजवर वेल फार माजतो, पानंच पानं होतात."

"माझी डॉगरीजवर होती," नाना म्हणाले आणि उठले.

मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक काळी डबी काढली. मी ओळखली. 2006 साली घेतलेला तो रिफ्रॅक्टोमीटर होता, साखर मोजायचा. गेटवरच्या माणसाचं माप खरं की खोटं, ते ताडून बघायला नानांनी स्वतःचा घेतला होता. तो त्यांनी आज सोबत आणला आहे हे मला माहीतच नव्हतं. शेतमालकाला विचारून त्यांनी एक मणी तोडला, काचेवर चिरडला, झाकण मिटलं आणि नळी आभाळाकडे धरून एक डोळा बारीक केला. आत निळ्यापांढऱ्याची जिथे सीमा पडते, तो आकडा वाचायचा असतो. रसात शेकडा किती साखर आहे ते त्यावरून कळतं, त्यालाच ब्रिक्स म्हणतात.

"साडेतेवीस."

शेतमालक हसला. "सकाळी आम्हालाही तेवढाच आला."

बांधावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. उपाशीपोटी वाइन चाखू नये, हे गाईडने आधीच बजावलं होतं आणि ते खरंच पाळावं. खाताखाता तो नानांना विचारत होता आणि नाना सांगत होते. मलाही बरंचसं तिथेच नीट कळलं.

2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क झालं. आमच्या भागात तेव्हा एकच बोलणं असायचं, वाइनची द्राक्षं लावा, करार करा, भावाची काळजी नाही. नानांनी 2004 मध्ये दोन एकर शिराझ लावली. 2006, 2007, 2008 असे तीन हंगाम माल गेला, पैसेही आले. मग जगभर मंदी आली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, बाटल्या खपेनात, टाक्या भरलेल्या राहिल्या. 2009 च्या फेब्रुवारीत नाना क्रेट भरून त्या वायनरीच्या गेटवर गेले आणि माल घेणार नाही म्हणून सांगण्यात आलं. दोन दिवस ट्रॉली तिथेच उभी होती.

खायचं द्राक्ष कुठेही विकता येतं, काहीच नाही तर बेदाणा करता येतो. बारीक बियाळ शिराझ घेऊन बाजारात कोण येणार? तिसऱ्या दिवशी ट्रॉली घरी आली, तेव्हा खाली रसाची धार लागली होती आणि मागे माश्यांचं मोहोळ. मी बारावीत होते. नानांनी सगळा माल उकिरड्याशेजारच्या खड्ड्यात ओतला आणि त्या उन्हाळ्यात जेसीबी लावून बाग उपटली. नाशिक जिल्ह्यात अशा कितीतरी बागा निघाल्या. घरात त्यावर नंतर कुणी कधी बोललं नाही.

साडेदहाला गोवर्धन शिवारात सुला विनयार्ड्सला पोचलो. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून इथे आले, आईच्या सुलभा या नावावरून सुला नाव ठेवलं, 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. 2005 मध्ये इथे टेस्टिंग रूम सुरू झाली, देशातली पहिली. आज शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही मंगळवारी गेलो होतो, तुम्हीही आठवड्यातला मधलाच वार निवडा, आणि ड्राय डे बघून घ्या. हंगाम जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात परिसर हिरवागार असतो, पण तेव्हा वेलीवर घड नसतात. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, पावसाळा सरतानाची छाटणी फळासाठी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे झोपतच नाही, म्हणून हंगाम थंडीत धरावा लागतो.

आत शिरलो तसा आंबल्या रसाचा वास आला. नाना दारातच थांबले, छाती भरून वास घेतला. क्रेट ओतले जात होते, यंत्रात मणी आणि देठ वेगळे होत होते. पांढऱ्या वाइनसाठी रस दाबून साल लगेच बाजूला काढतात. लाल वाइन सालीसकट आंबवतात, साली वर येऊन जाड थर धरतात आणि खालचा रस पंपाने पुन्हापुन्हा त्यावर सोडावा लागतो. स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून थंड केलेल्या. मग ओकच्या पिंपांची गार, अंधारी खोली. नाना प्रत्येक ठिकाणी हात लावून बघत होते. टाकी खरंच गार आहे का, पिंपाच्या फळ्या जोडल्या कशा, त्यात खिळा आहे का. खिळा नसतो, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या असतात. पुढच्या लोकांना आम्ही वाट करून दिली. खासगी टूरला जास्तीचे पैसे मोजल्याचं मला तिथे समाधान वाटलं, कुणी "चला पुढे" म्हटलं नाही.

मग टेस्टिंग. ग्लास देठाला धरायचा, हाताची ऊब लागू द्यायची नाही. आधी रंग बघायचा, मग ग्लास गोल फिरवून वास, मग छोटा घोट सगळ्या जिभेवर फिरवायचा. नको असेल तर शेजारच्या भांड्यात ओतून द्यायचं, त्यात अपमान कुणाचाच नाही.

सोव्हिन्यों ब्लांक ही पांढरी वाइन नानांना आवडली नाही. "हिरव्या मिरचीच्या देठाचा वास येतोय," ते म्हणाले आणि गाईडने टेबलावर हात मारला, कारण या द्राक्षाची ओळखच तशी हिरव्या वासाची आहे. दुसरी पांढरी, शेनिन ब्लांक, आवडली, तिला पेरूचा वास होता आणि किंचित गोडवा. मला वाटतं, आपल्या तिखट जेवणासोबत कुणी पहिल्यांदा वाइन घेणार असेल तर हीच घ्यावी.

मग दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आली. नानांनी ग्लास नाकाशी धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. गाईड सांगत होता, मिरीचा वास ओळखा, काळ्या मिरीला ज्या द्रव्याचा वास असतो तेच द्रव्य शिराझच्या सालीत असतं. नाना म्हणाले, "तोडणीच्या दिवशी क्रेटच्या बुडाला रस साचायचा. तो वास आहे हा." मग घोट घेतला. तोंड आवळलं, कच्ची सुपारी चावल्यासारखं.

"गोड अजिबात नाही. एवढी साखर गेली कुठं?"

"यीस्टने खाल्ली, नाना. साखरेचंच अल्कोहोल होतं. चोवीस ब्रिक्सचा रस असेल तर सव्वातेरा टक्क्यांच्या आसपास वाइन होते. बावीसचा असेल तर बाराच्या आसपास, अंगानेही पातळ."

नानांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणून चोवीस मागायचे?"

"हो."

"मी आजपर्यंत समजत होतो, भाव पाडायला मागतात."

गेटवर साडेबावीस भरलं की पावतीवर भाव कापला जायचा आणि नाना रात्री पडवीत बसून स्वतःच्या यंत्राने पुन्हा मोजायचे. चार वर्षांत एकदाही कुणी त्यांना आत बोलवून दाखवलं नाही की या आकड्याचं पुढे काय होतं. कधी चार दिवस आधी तोडलं, कधी बागेचं पाणी उशिरा बंद केलं, एवढ्याने आकडा चुकायचा. कारण कळलं असतं तर नानांनी सहज बदल केला असता. 2009 ची मंदी त्यांच्या हातात नव्हती. पण हे होतं. मला त्या क्षणी फार राग आला आणि फार वाईटही वाटलं. नाना मात्र दुसरा घोट घेत होते.

शेवटी लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक, घड जास्त दिवस वेलीवर ठेवून साखर चढू दिलेली गोड वाइन. गाईड समजावायला लागला, तर नानांनीच वाक्य पुरं केलं, "म्हणजे बेदाण्याच्या वाटेवरचे मणी."

जवळच्या यॉर्क वायनरीला थोडाच वेळ थांबलो. 2021 पासून तीही सुलाकडेच आहे. वरच्या मजल्यावरून गंगापूर धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. तिथे मी एक लाल वाइन चाखली, नानांनी नको म्हटलं. ते कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होते. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून येते, इथे अडते, आणि तीच पुढे आमच्या निफाड तालुक्यात येते. दोनला मावशीकडे परतलो. नानांनी शिराझची एक बाटली विकत घेतली होती. स्वतःच्या पाकिटातून पैसे काढले, मला काढू दिले नाहीत.

घरी आल्यावर आईने बाटली हातात घेऊन निरखली आणि एवढंच विचारलं, "आपली होती तीच का ही?" नाना हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन पडवीत आले तर ते थॉमसनच्या प्लॉटमध्ये होते, जिथे पूर्वी शिराझ होती तिथेच. व्यापारी दोन दिवसांत येणार होता. नळी आभाळाकडे, एक डोळा बारीक.

"किती?" मी बांधावरून विचारलं.

"सतरा. अठरा होऊ दे, मग तोडू."